गाणं नसलेली रेकॉर्ड, तरी चारही बाजू ऐकल्या

चोर बाजारात मटन स्ट्रीटला मागच्या महिन्यात जेलो बियाफ्राची 'हाय प्रीस्ट ऑफ हार्मफुल मॅटर' मिळाली, दोन रेकॉर्डचा सेट, कव्हरचा एक कोपरा दुमडलेला, बावीसशे सांगितले अठराशेला दिली. 'डेड केनेडीज' या अमेरिकन पंक रॉक बँडचा गायक म्हटल्यावर मी उचललीच. घरी लावली तर गिटार नाही ड्रम नाही, नुसता माणूस बोलतोय. पाच मिनिटं हिरमुसलो आणि नंतर जेवायचं राहिलं.

झालेलं असं की १९८५ च्या 'फ्रँकेनक्राइस्ट' अल्बमसोबत बँडने एच. आर. गीगरच्या चित्राचं पोस्टर टाकलं, 'एलियन' सिनेमातला प्राणी डिझाइन केला तोच गीगर. चित्र बऱ्यापैकी उघडंनागडं, आणि तशी सूचना देणारा स्टिकर कव्हरवर लावलेला होता. एका मुलीने ती रेकॉर्ड धाकट्या भावासाठी घेतली, आईने तक्रार केली, आणि एप्रिल १९८६ ला सॅन फ्रान्सिस्कोत बियाफ्राच्या घरात पोलीस शिरले. लहान मुलांना हानिकारक साहित्य पुरवल्याचा गुन्हा, एक वर्ष जेल आणि २००० डॉलर दंड होऊ शकला असता. ऑगस्ट १९८७ ला लॉस एंजेलिसमध्ये खटला चालला, ज्युरी ७ विरुद्ध ५ वर अडकली, सात जण सोडा म्हणणारे, आणि जजने परत खटला चालवायला नकार दिला. सुटला, पण बँड १९८६ लाच फुटलेला. ही रेकॉर्ड १९८९ ची, त्याच्याच 'अल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स' लेबलची, आणि त्यात हे सगळं तो स्वतः सांगतो.

ऐकताना मला सारखं लेखक चंद्रकांत काकोडकरांचं 'श्यामा' प्रकरण आठवत होतं. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली गोष्ट, अश्लील म्हणून केस, आणि ती अश्लील नाही हे सुप्रीम कोर्टाने सांगेपर्यंत १९६९ उजाडलं. सुटका झाली तरी मधली वर्षं कोण परत देतं हो? मला वाटतं या रेकॉर्डचा खरा जीव तिथेच आहे.

आणि बियाफ्राचं सांगणं! आवाज नाकातला, थरथरता, मध्येच एकदम चढतो, समोरच्याची नक्कल करतो, मग हळू येतो. आई आतून म्हणाली, "कोणाचं कीर्तन लावलंयस रे?" तिला इंग्रजी कळत नाही पण चाल बरोब्बर कळली, तसंच आहे ते, आख्यान लावल्यासारखं. इंग्रजी फास्ट आहे, अमेरिकेतल्या तेव्हाच्या राजकारणाचे उल्लेख पण खूप, तिसऱ्या बाजूला मी दोनदा सुई मागे नेली. ज्यांना फक्त पंक ऐकायचंय त्यांनी घेऊ नये, बाकी सगळ्यांनी घ्यावी असं मी मनापासून सांगतो.

फक्त जुनी घेताना दोन्ही रेकॉर्ड पाकिटातून काढून उजेडात तिरप्या धरून बघा. गाण्यात बारीक चरा खपून जातो, इथे बियाफ्रा आवाज खाली आणून थांबतो आणि त्या शांततेत तेवढीच खरखर ऐकू येते. माझ्या दुसऱ्या बाजूला आहे तसा एक चरा, नेमका असा एक थांबा आला की टक् टक् टक्.