फाजचं कवच अभ्यासायचंय: पी२२ घ्यावा की एचके९७?

एमएस्सी किंवा पीएचडीला फाजच्या, म्हणजे जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या, प्रथिनकवचावर काम करायचं ठरलं की आधी मॉडेल निवडावं लागतं. टी४ हा फाज मोहात पाडतो, पण त्याचं डोकं बांधायला इतकी वेगवेगळी प्रथिनं लागतात की नवशिक्या त्यातच अडकतो. माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: साल्मोनेला जिवाणूवरचा पी२२ आणि ई. कोलाय जिवाणूवरचा एचके९७.

दोन्ही कवचं वीस त्रिकोणी बाजूंची. मुख्य प्रथिनाच्या ४१५ प्रती, आणि एका कोपऱ्यावर डीएनए आत घेणारं १२ प्रतींचं पोर्टल. मुख्य प्रथिनाची मूळ घडीही सारखीच. वेगळी आहे ती बांधायची रीत.

पी२२ला बांधणीसाठी जीपी८ नावाचं स्वतंत्र परांची-प्रथिन, म्हणजे बांधणीपुरता आधार देणारं प्रथिन, लागतं. ते नसेल तर कवचं वेडीवाकडी होतात, काही आकाराने लहान राहतात. जोनाथन किंग आणि शेरवुड कॅसजेन्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की ही परांची तोडली जात नाही. ती अखंड बाहेर पडते आणि पुढच्या कवचाच्या बांधणीला लागते. मला पी२२मधली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. अभ्यासकाच्या सोयीचीही आहे, कारण शुद्ध केलेलं कवच-प्रथिन आणि परांची नळीत एकत्र केली की प्रोकॅप्सिड (डीएनए न भरलेली कच्ची कवचं) आपोआप बांधले जातात. प्रकाश किती विखुरतो ते मोजत राहिलं की बांधणीचा वेग समोर दिसतो. कवच परिपक्व होताना त्याचा व्यास साधारण १० टक्क्यांनी वाढतो. नळीत हेच फुगणं उष्णता देऊन घडवता येतं, पण फार तापवलं तर कोपऱ्यांवरचे पंचक (पाच-पाच प्रथिनांचे गट) गळून पडतात.

एचके९७ला वेगळी परांची नाही. त्याच्या जीपी५ या मुख्य प्रथिनाचे सुरुवातीचे सुमारे शंभर अमिनो आम्लच ते काम करतात, आणि बांधणी झाली की फाजचा प्रोटीएज (प्रथिनं कापणारं विकर) ते कापून टाकतो. मग कवच फुगतं, भिंत पातळ होते आणि १६९वं अमिनो आम्ल लायसिन शेजारच्या प्रथिनाच्या ३५६व्या अमिनो आम्लाशी, अस्पॅराजिनशी, सहसंयुज बंधाने जोडलं जातं. अशा बंधांनी तयार झालेली कडी एकमेकांत ओवली जातात आणि चिलखत तयार होतं. २००० साली स्फटिकरचनेत ते स्पष्ट दिसलं.

हे टप्पे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या साध्या एसडीएस जेलवर वाचता येतात. न कापलेलं प्रथिन ४२ किलोडाल्टनला, कापलेलं ३१ला, आणि पूर्ण जोडलेलं कवच खाचेपाशीच अडून राहतं, जेलमध्ये शिरतच नाही. प्रोटीएजशिवाय प्रथिन बनवलं की पहिल्या टप्प्यावर थांबता येतं. कापणी झालेली कवचं आम्लात टाकली की फुगणं सुरू होतं. मात्र बांधणीच अभ्यासायची असेल तर इथे हात आखडतो: प्रोहेड (एचके९७चं कच्चं कवच) सुटा केला की पंचक आणि षट्क (सहा प्रथिनांचे गट) मिळतात, पी२२सारखी सुटी एकेकटी प्रथिनं नव्हे.

साल्मोनेला हाताळायची परवानगी नसेल तरी पी२२ सोडू नका. त्याचं कवच-प्रथिन आणि परांची ई. कोलायमध्ये प्लाझ्मिडवरून (बाहेरून घातलेल्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून) बनवता येतात.

कवच योग्य मापाचं कसं होतं, हा प्रश्न असेल तर पी२२च घ्या. झालेलं कवच मजबूत कसं होतं हे पाहायचं असेल तर एचके९७ला तोड नाही. आणि सुरुवात १६९व्या लायसिनच्या जागी टायरोसिन असलेल्या उत्परिवर्तनापासून करा. त्यात कवच फुगतं पण बंध होत नाहीत, त्यामुळे फुगणं आणि जोडणी वेगवेगळी तपासता येते.