ओढ्याच्या तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

भोरकडच्या आमच्या ओढ्यात गेल्या पावसाळ्यापासून स्टीलच्या नळीतले डीएस१८बी२० टाकून ठेवलेत. एक झऱ्याच्या तोंडाशी, दुसरा खाली वनराई बंधाऱ्याच्या फुगवट्यात. दर १५ मिनिटांनी नोंद, म्हणजे दिवसाला ९६. आर्डुइनो हा छोटा, प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड सगळं मेमरी कार्डावर लिहून ठेवतो.

सेन्सरची अचूकता ±०.५ अंश आहे, पण त्याला ०.०६२५ अंशाचा फरकही दिसतो. त्यामुळे पाणी नेमकं किती अंशांवर आहे याबाबत तो थोडा इकडेतिकडे होईल, सकाळपासून किती चढलं हे मात्र चोख सांगतो. दोन सेन्सरची तुलना करायची असेल तर आधी सगळे एकत्र बांधून थर्मासमधल्या बर्फाच्या चुऱ्यात आणि पाण्यात ढवळत ठेवा. शून्यापासून कोण किती हटतो ते लिहून घ्या आणि पुढे तेवढं वजा करा. यातच नकली माल उघडा पडतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेले नग शून्यापासून एका अंशाहून जास्त हटत होते.

नळीत वायर शिरते ती जागा कच्ची असते. आमच्या एका नळीत तिथूनच पाणी शिरलं आणि नोंदींत -१२७ येऊ लागले. हा आकडा म्हणजे सेन्सरशी संपर्क तुटला. अचानक ८५ दिसलं तर ते वीज आल्यावरचं सुरुवातीचं मूल्य, तापमान नव्हे. सरासरी काढण्याआधी दोन्ही गाळा. नळीच्या तोंडाशी इपॉक्सी (घट्ट होणारा डिंक) भरल्यापासून त्रास नाही. ऊन थेट पडू नये म्हणून भोकं पाडलेला पांढरा पीव्हीसी पाइप हवाच. सेन्सर वाहत्या पाण्यात, तळाला न टेकता राहू द्या.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. नोंदींचा आलेख काढला की झऱ्याची रेघ वर्षभर जवळपास सपाट, कारण खोलवरच्या पाण्याचं तापमान त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास टिकतं. ओढ्याची रेघ मात्र रोज चढते-उतरते. डिसेंबरच्या पहाटे झरा ओढ्यापेक्षा ऊबदार, एप्रिलच्या दुपारी तोच गार! दोन्ही रेघा एकमेकींना छेदताना पाहणं मला अजूनही विलक्षण वाटतं. शिवाय २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. उन्हाळ्यात मासे झऱ्याच्या तोंडाशी का गोळा होतात, याचं निदान एक कारण नोंदींत दिसतं.

प्रयोगशाळेच्या तोडीची अचूकता हवी असेल तर तयार, सीलबंद लॉगर (स्वतःच नोंदी साठवणारं यंत्र) घ्या. गावच्या ओढ्यात झरे कुठे मिसळतात ते शोधायचं असेल तर हेच घ्या, आणि प्रत्येक जागेसाठी एक सेन्सर जास्तीचा ठेवा.