जीपीएस व्हेस्ट की वहीतला आकडा? अर्धव्यावसायिक संघाच्या फिटनेस कोचसाठी

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलांचा फुटबॉल संघ सांभाळायचा, तर कोणावर किती ताण पडतोय हे कळायची काहीतरी सोय लागतेच. फिरून फिरून पर्याय दोनच उरतात. एक म्हणजे जीपीएस व्हेस्ट: पाठीवर, खांद्यांच्या मधोमध खेळाडूचं अंतर आणि वेग मोजणारं युनिट बसवलेलं बनियन. दुसरा म्हणजे सराव संपल्यावर प्रत्येकाला ‘आजचं सेशन शून्य ते दहामध्ये किती जड गेलं?’ असं विचारून उत्तर वहीत लिहायचं, ज्याला आपण आरपीई (खेळाडूला स्वतःला जाणवलेले श्रम) म्हणतो. मी एक हंगाम व्हेस्टवर काढला, पुढचा वहीवर, आणि मधले दोन महिने दोन्ही सोबत चालवलं. म्हणून इथे जे लिहितोय ते माझ्या बावीस मुलांपुरतं खरं आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

व्हेस्टचं मोल आधी सांगतो, कारण ते मोठं आहे. खेळाडू सामन्यात एकूण किती पळाला यावरून फार काही कळत नाही. मोर, क्रुस्ट्रुप आणि बँग्सबो या संशोधकांनी २००३ मध्ये अव्वल दर्जाच्या खेळाडूंची त्यांच्याहून एक पायरी खाली खेळणाऱ्यांशी तुलना केली. एकूण अंतरातला फरक निघाला जेमतेम ५ टक्के. वेगवान धावण्यातला मात्र २८ टक्के, आणि स्प्रिंटमधला ५८ टक्के. रेषेबाहेर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी हा फरक पकडणं अवघड आहे. मला तरी तो पकडता आला नव्हता. माझा सेंट्रल मिडफिल्डर संघात सर्वांत जास्त मेहनत करतो असं मी वर्षभर धरून चाललो होतो. व्हेस्ट आल्यावर दिसलं की तो अंतर भरपूर कापतो, पण ताशी १९.८ किलोमीटरच्या वर, म्हणजे वेगवान धाव धरतात त्या रेषेपलीकडे, क्वचित जातो. उलट ज्या विंगरला (मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या आक्रमकाला) मी दुसऱ्या हाफमध्ये ‘पळ रे’ म्हणून ओरडायचो, त्याने तोवर इतके पूर्ण वेगाचे स्प्रिंट मारलेले असायचे की त्याच्या पायांत काही उरलेलंच नसायचं. त्याच्यावर मी अन्याय करत होतो, हे मला त्या यंत्रानेच दाखवलं.

मात्र हे आकडे वाचताना एक काळजी घ्या. वेगवान धाव जास्त म्हणजे खेळाडू चांगला, असा सरळ हिशेब होत नाही. इंग्लंडच्या वरच्या तीन स्तरांवर ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात खालच्या दोन स्तरांवरचे खेळाडू प्रीमियर लीगच्या खेळाडूंपेक्षा जास्त वेगवान अंतर धावताना दिसले. आपल्या पातळीवर हे रोज दिसतं. पास चुकला की मागे पळावं लागतं, जागा चुकली की ती भरून काढायला पळावं लागतं. त्यातले कितीतरी मीटर चूक निस्तरण्यात जातात, आणि व्हेस्ट कामाचे मीटर आणि चुकीचे मीटर सारखेच मोजतं.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात. घ्यायचंच असेल तर सेकंदाला दहा नोंदी घेणारं युनिट घ्या आणि प्रत्येक मुलाला कायम तेच युनिट द्या, कारण दोन युनिटांची रीडिंग हुबेहूब जुळत नाहीत. चार-पाच मीटरचा झटका, लगेच थांबणं, वळणं, या गोष्टी जीपीएसला नीट पकडता येत नाहीत, आणि बचावपटूचं निम्मं काम तर तेच असतं. छातीवरचा हृदयगतीचा पट्टाही मी वापरून पाहिला. लांब सेशनला तो ठीक वाटला, पण छोट्या स्प्रिंटमध्ये ठोके वाढेपर्यंत स्प्रिंट संपलेली असते.

आता वहीकडे येतो. शून्य ते दहाची मोजपट्टी मूळची स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची. संशोधक कार्ल फॉस्टर यांनी ती पूर्ण सेशनला लावली: खेळाडूने सांगितलेला आकडा गुणिले मिनिटं, म्हणजे त्या सेशनचा भार. पंचाहत्तर मिनिटांचं सेशन सातचं गेलं तर ५२५, नव्वद मिनिटांचा सामना आठचा गेला तर ७२०. इम्पेलिझेरी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये फुटबॉल खेळाडूंवर ही पद्धत पडताळली. हृदयगतीवरून काढलेल्या भाराशी ती बऱ्यापैकी जुळते असं त्यांना दिसलं. म्हणजे फक्त पैसे नाहीत म्हणून वही धरायची, असं काही नाही.

वहीचे त्रासही आहेत. सगळ्यांसमोर विचारलं की पहिल्याने ‘सहा’ म्हटल्यावर पुढचे दहा जण सहाच म्हणतात. हरलेला सामना जिंकलेल्यापेक्षा जड वाटतो. संघातली जागा जाईल या भीतीने काही मुलं कायम कमी सांगतात. नवीन मुलाचा आकडा पहिले तीन-चार आठवडे मी गंभीरपणे घेतच नाही. सेशननंतर अर्ध्या तासाने विचारावं असं सांगितलं जातं, पण आमच्याकडे अर्ध्या तासात मैदान रिकामं होतं, म्हणून मी बूट काढत असतानाच विचारतो. शास्त्राच्या दृष्टीने ही तडजोड आहे. तरी रोज त्याच वेळी, त्याच पद्धतीने विचारलं तर तुलना होऊ शकते, असा माझा अनुभव आहे.

मग माझा निर्णय कुठे ठरला? व्हेस्टच्या अचूकतेवर नाही. व्हेस्टचा आकडा हातात पडायचा तेव्हा खेळाडू निघून गेलेला असायचा, त्यावर ठरला.

सराव रात्री नऊला संपायचा. बावीस व्हेस्टमधून बावीस युनिट काढायची, पुसायची, डेटा उतरवून घेणाऱ्या डॉकमध्ये नंबरानुसार लावायची. एखादं नीट बसलेलं नसायचं, मग ते परत काढून लावायचं. डेटा उतरायचा, मग प्रत्येकाच्या फाइलमधून वॉर्मअप आणि पाणी प्यायची वेळ कापायची. पडद्यावर तक्ता यायचा तेव्हा अकरा वाजून गेलेले असायचे. एखाद्याच्या नावासमोर लाल रंग, म्हणजे ताण जास्त झाल्याची खूण, दिसायचा आणि मी त्याला काय विचारणार? तो घरी झोपलेला असायचा, किंवा रात्रपाळीला पोचलेला असायचा. व्यावसायिक संघात खेळाडू दुसऱ्या दिवशी सकाळी कोचसमोर हजर असतो. आमचा खेळाडू थेट दोन दिवसांनी दिसतो, आणि तोवर त्या लाल रंगाचा काही उपयोग राहिलेला नसतो.

‘ताण कमी, सगळं ठीक’ सांगणाऱ्या हिरव्या रंगाने तर जास्त नुकसान केलं. माझा राइट बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. एका आठवड्यात त्याचे तीनही दिवस हिरवे होते, अंतर कमी, स्प्रिंट कमी. सामन्याआधी त्याच्या पायांना वेगाची सवय राहावी म्हणून मी शेवटच्या सरावात त्याला सहा स्प्रिंट जादा दिले. सामन्यात तासाभरानंतर तो मागे धावताना मांडीचा मागचा भाग धरून खाली बसला. हॅमस्ट्रिंग. नंतर बाकावर त्याच्या पायाला बर्फ धरून बसलो असताना त्याने सांगितलं की कामावर दोन माणसं कमी होती, तो चार दिवस दुप्पट वेळ उभा होता, झोप रोज जेमतेम पाच तास. व्हेस्टच्या दृष्टीने तो ताजातवाना होता. मैदानावर तो कमी पळाला तो थकल्यामुळे, आणि मी ते कमी पळणं विश्रांती म्हणून वाचलं. दुखापत त्या सहा स्प्रिंटमुळेच झाली असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण आधी विचारलं असतं तर मी ते स्प्रिंट दिले नसते, एवढं नक्की.

बाहेरून किती काम झालं आणि आतून ते किती जड गेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्णवेळ खेळाडूच्या बाबतीत त्या बऱ्याचदा जवळ राहतात, कारण त्याचा उरलेला दिवस संघाच्याच नजरेखाली असतो. आमच्या मुलांचे दिवसातले आठ-नऊ तास कोणत्याच व्हेस्टमध्ये येत नाहीत.

पुढच्या हंगामात वही सुरू केली तेव्हा मी एक प्रश्न स्वतःहून वाढवला. मैदानात येताच, वॉर्मअपच्या आधी: ‘आत्ता किती दमलायस?’ तोही शून्य ते दहामध्ये. पहिल्या आठवड्यात एका मुलाने बॅग खाली ठेवता ठेवता म्हटलं, ‘सर, आठ.’ मी म्हटलं, ‘अजून तर सुरुवातही नाही.’ तो म्हणाला, ‘सर, सकाळपासून उभाच आहे.’ त्या दिवशी त्याला मी लहान मैदानावरच्या खेळात कायमचा तटस्थ खेळाडू केलं, दोन्ही संघांकडून पास देणारा, मागे न धावणारा. चेंडू त्याच्या पायात राहिला, पाय वाचले, आणि सामन्यात तो पूर्ण नव्वद मिनिटं खेळला. हा बदल करायला मला वॉर्मअपपुरताच वेळ होता, आणि तेवढा पुरला.

तरीही काहींनी व्हेस्टच घ्यावं असं मला वाटतं. तुमच्याकडे डेटा उतरवायला वेगळा माणूस असेल, सराव आठवड्यात चार-पाच दिवस होत असेल, किंवा दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूला पूर्ण वेगापर्यंत पायरीपायरीने न्यायचं असेल, तर वही अपुरी पडते. परतणारा मुलगा ‘मी पूर्ण वेगाने पळालो’ असं मनापासून सांगतो आणि प्रत्यक्षात त्याच्या सर्वोच्च वेगाच्या बराच खाली असतो. हे फक्त यंत्र सांगतं. म्हणून बावीसपैकी चार युनिट मी ठेवून घेतली. दोन विंगरना सामन्यात, आणि बाकीची जो दुखापतीतून येत असेल त्याला. चार युनिटांचा डेटा मी दुसऱ्या दिवशी निवांत उतरवतो. घाई नसते, कारण त्यावरून त्या रात्री काही ठरवायचं नसतं.

वही सुरू करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. आकडा तोंडाने मागू नका. पुठ्ठ्यावर शून्य ते दहा लिहून, शेजारी ‘अगदी हलकं’पासून ‘याहून जड शक्य नाही’पर्यंत शब्द लिहून, प्रत्येकाला एकेकटं बोट ठेवायला सांगा. आणि जास्त आकडा सांगणाऱ्याला त्या आठवड्यात संघाबाहेर ठेवायची वेळ आलीच, तर त्याला बाजूला घेऊन कारण नीट समजावा. माझ्याकडून हे एकदा राहिलं. त्यानंतर महिनाभर संघातल्या कोणीही सहाच्या वर बोट ठेवलं नाही, आणि तो सगळा महिना वहीतून वाया गेला.