बायपास स्विच: हार्टबीटवर विसंबावं की ट्रॅफिकवर?

इनलाइन आयपीएसला, म्हणजे लाइनच्या मधे बसून घातक ट्रॅफिक अडवणाऱ्या यंत्राला, बायपास स्विच (आयपीएस गेला की ट्रॅफिक त्याला वळसा घालून नेणारा) जोडला की पहिला पेच हाच: आयपीएस गेला हे त्याला कळणार कशावरून? स्वतः आयपीएसमधून सोडलेलं हार्टबीट, म्हणजे छोटं चाचणीचं पॅकेट, परत आलं नाही यावरून, की ट्रॅफिक थांबलं यावरून? वेर्ण्याच्या एका कारखान्यात मी दोन्ही वापरून पाहिलंय.

आधी भिस्त ट्रॅफिकवर ठेवली होती. आयपीएसमध्ये काही बदलावं लागत नाही आणि खऱ्या पॅकेटांवरून निदान होतं, हे मला पटलं होतं. एरवी छान चाललंही. मग चवथ आली. कारखाना बंद, लाइनवर सामसूम. 60 सेकंदांत आयपीएसकडून काही आलं नाही की स्विच बायपासवर, थोड्या वेळाने पुन्हा इनलाइनवर, पुन्हा बायपासवर. दर वेळी लिंक क्षणभर पडायची, आणि पलीकडच्या स्विचवर जुनं एसटीपी (नेटवर्कमध्ये पॅकेटं गोल फिरत राहू नयेत म्हणून असलेला प्रोटोकॉल), म्हणजे लिसनिंगचे 15 नि लर्निंगचे 15 सेकंद लाइन बंदच. घरी आरती चाललेली आणि खिशात फोन सारखा थरथरतोय. मुदत वाढवून 10 मिनिटं केली, तर आयपीएस खरोखर अडकल्यावर कारखाना तेवढा वेळ ठप्प राहणार. यातून मला तरी वाट सापडली नाही. शांत लाइन आणि मेलेला आयपीएस, दोन्ही त्या स्विचला सारखेच दिसतात.

हार्टबीटलाही त्रास आहेच. आधी 100 मिलिसेकंद आणि 3 चुका (दर 100 मिलिसेकंदांनी एक हार्टबीट, 3 चुकले की बायपास) असं लावलं, तर आयपीएसवर नवी पॉलिसी, म्हणजे तपासणीचे नियम, चढताना उगाच बायपास व्हायचा. आता 1 सेकंद आणि 3 चुका, दोन्ही दिशांनी. तेव्हापासून शांत आहे. एक मात्र सांभाळा: हार्टबीटला तपासणीतूनच सूट दिलीत, तर तपासणीचं इंजिन अडकलं तरी हार्टबीट बिनधास्त पार होईल. ते साध्या पॅकेटासारखं तपासणीतून जाऊ द्या. ट्रॅफिकची मोजणी मी ठेवली आहे, पण फक्त शिफ्टच्या वेळेत इशारा देण्यापुरती.

तुमची लाइन रात्रंदिवस भरलेली असेल, तर ट्रॅफिकवरही भागेल कदाचित. सुटीत ओस पडणारी असेल, तर मी हार्टबीटच घेईन.

आणि केबल उपटून चाचणी घेऊ नका. लिंक पडली की बायपास तसाही होतो. केबल जागेवर ठेवून आयपीएसमध्ये हार्टबीट अडवणारा नियम लावा आणि बायपास किती वेळात होतो ते घड्याळात बघा.