सर्व्हे मे महिन्यात, सावली डिसेंबरात: साताऱ्यातल्या गच्चीवर सोलरचे दहा महिने

आमच्याकडे 3.24 किलोवॉटचं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेलं सोलर आहे. 540 वॉटची सहा पॅनेल आणि त्यांची वीज घरात वापरण्याजोगी करणारा एक इन्व्हर्टर, बॅटरी नाही. घरात येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर ऑगस्ट 2024 च्या मध्यावर बसला, आणि हा हिशोब जून 2025 पर्यंतचा आहे. बिल बत्तीसशेवरून दीड-दोनशेवर आलं, म्हणजे मी समाधानी आहे. पण मधले दोन महिने मी रोज सकाळी गच्चीवर उभा राहून स्वतःलाच शिव्या दिल्या, तेच आधी सांगतो.

सर्व्हेसाठी एजन्सीचा मुलगा आला तो 11 मे 2024 ला. लोकसभेचं मतदान होऊन चार दिवस झाले होते, बोटावरची शाई अजून तशीच होती. वेळ दुपारी साडेबाराची. त्याने टेप लावली, मोबाईलवर दिशा बघितली, दहा-बारा फोटो काढले आणि म्हणाला, "सर, शॅडो-फ्री एरिया आहे." सावली नव्हतीच, ते खरं. कुठलीच नव्हती. साताऱ्यात मे महिन्याच्या 10-11 तारखेला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी उभी बादली ठेवा नाहीतर खांब रोवा, सावली बुडाखालीच राहते. वर्षातले असे दोन दिवस असतात आणि आमचा सर्व्हे त्यातल्या एकावर झाला.

गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर हजार लिटरची पाण्याची टाकी होती. पॅनेल तिच्या उत्तरेला बसली. पुढून तीन फूट, मागून पाच फूट उंच, तोंड दक्षिणेला, म्हणजे आमच्या घरावरून अजिंक्यतारा किल्ल्याकडे. टाकीचा माथा पॅनेलच्या वर सात-आठ फूट जायचा. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडून वर येतो, त्यामुळे सकाळची टाकीची सावली नैऋत्येला, कठड्याबाहेर पडते. हिवाळ्यात तो आग्नेयेकडून येतो आणि तीच सावली वायव्येला सरकते. डिसेंबरच्या शेवटी भर मध्यान्हीलाही सूर्य इथे जेमतेम 49 अंशांवर असतो, सकाळी नऊला तर 24 च्या आसपास. आठ फुटांच्या अडथळ्याची सावली तेव्हा अठरा फूट लांब जाते. शाळेत हे सगळं शिकलो होतो, पण दोन लाखांचा चेक लिहिताना आठवलं नाही.

नोव्हेंबरपासून मोबाईल ॲपवरचा आलेख बदलला. पूर्वी सकाळी आठला चढायला लागणारी रेघ अकरापर्यंत लोळायची आणि मग एकदम उभी राहायची. आमची सगळी पॅनेल एकाच माळेत जोडलेली आहेत. पॅनेलमधले बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे भाग, थोडंफार सांभाळून घेतात, तरी कोपऱ्यावर आलेली सावली कोपऱ्यापुरती राहत नाही. पॅनेलचा मोठा तुकडाच कामातून जातो. आमची दोन पॅनेल अकरापर्यंत झोपलेली असायची. स्वच्छ उन्हात दिवसाला साडेबारा-तेरा युनिट अपेक्षित असताना डिसेंबरात साडेनऊ पडत होते.

एजन्सीला फोन केला तर उत्तर आलं, "थंडीत जनरेशन कमीच येतं सर." थंडीत कमी येतं हे अर्धसत्य आहे. दिवस लहान असतो, पण आकाश निरभ्र असतं आणि पॅनेल गार राहतात. तापलं की पॅनेलची ताकद दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटते. त्यामुळे मे महिन्याचं कडक ऊन सोलरला फार मानवतं असंही नाही.

खरा निकाल आईने दिला. मी टाकीकडे बघत उभा होतो, ती तुळशीला पाणी घालायला वर आली आणि म्हणाली, "अरे, तिथं थंडीत अकरापर्यंत ऊन येतच नाही. म्हणून मी तिळाच्या वड्या तिकडे कधी टाकत नाही. विचारायचं होतंस की मला." पस्तीस वर्षं या गच्चीवर पापड, सांडगे, कुरडया, मिरच्या वाळवणारी बाई घरात असताना मी परक्या पोराला सर्व्हेला बोलावलं होतं.

जानेवारीच्या अखेरीस प्लंबर बोलावून टाकी वायव्य कोपऱ्यात हलवली. पाइप, मजुरी धरून 4,600 रुपये गेले. स्टँड जड होतं, त्याला चार माणसं लागली. फेब्रुवारीत 385 युनिट आले, मार्चमध्ये 435. डिसेंबर 295 होता.

बाकीचं भराभर सांगतो. एकूण खर्च 2 लाख 4 हजार. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला आणि त्याहून मोठ्या संचालाही 78,000 रुपयेच अनुदान आहे, ते थेट बँक खात्यात जमा झालं. त्यासाठी भारतीय बनावटीच्या सेलचीच पॅनेल लागतात, ती थोडी महाग पडतात. स्लॅबला भोकं पाडू दिली नाहीत, काँक्रीटचे ठोकळे ओतून स्ट्रक्चर त्यावर उभं केलं. एजन्सीवाले कुरकुरले, पण पहिल्या पावसाळ्यात स्लॅब गळला नाही. पॅनेल जूनअखेरच बसली होती, तरी नेट मीटर येईपर्यंत इन्व्हर्टर बंदच ठेवला. साधा मीटर बाहेर जाणारी वीजही आपण वापरली असं धरून मोजू शकतो. शेजारच्या गल्लीतल्या एकाने उत्साहात चालू केलं आणि पुढच्या बिलावर डोकं धरून बसला.

लोक सगळ्यात जास्त विचारतात ते हे: "लाईट गेली तरी तुमच्याकडे असेल ना?" नसते. बाहेरची वीज गेली की आमचाही इन्व्हर्टर बंद होतो, मग भर दुपार का असेना. आपली वीज तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. आमचा जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर अजून जिन्याखाली आहे आणि लाईट गेल्यावर तोच कामाला येतो. हे एजन्सीने आधी सांगितलं होतं, तेवढं श्रेय देतो.

धुणं हा वेगळाच अध्याय. पावसाळ्यात काही करावं लागत नाही. थंडीत मात्र ऊसतोड सुरू झाली की शिवारात पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवतात, आणि त्याची काळी काजळी वाऱ्याबरोबर गच्चीवर येऊन बसते. आठवड्यात काचेवर हात फिरवला तर बोटं काळी. महिन्यातून दोनदा, ऊन तापायच्या आत, नळाच्या पाण्याने आणि मऊ मॉपने धुतो. एकदा बोअरचं पाणी वापरलं, तर काचेवर पांढरे डाग सुकले, ते घासून काढण्यात अख्खा रविवार गेला. कबुतरांनी पॅनेलखाली संसार थाटला आहे, जाळीचं काम अजून बाकी आहे.

2025 चा मे तर गेलाच. पंधरवड्यानंतर पावसाने जी सुरुवात केली ती थांबायचं नाव नाही. अख्ख्या महिन्यात 320 युनिट, दिवसभर भरून राहिलं त्या दिवशी दोन-अडीच. त्याची झळ बिलात बसली नाही, कारण आमचा महिन्याचा वापर 280 च्या आसपास आहे. जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात, पण 31 मार्चला तो हिशोब मिटतो. तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे मिळतात, आपण वीज घेतो त्या दराने मात्र नाही. म्हणून "छत रिकामं आहे तर 5 किलोवॉट घ्या" या सल्ल्याला मी नाही म्हटलं. मागच्या बारा बिलांवरचे युनिट बेरीज करून बघा, तुमचा आकडा त्यात आहे.

अनुदान वजा जाता 1 लाख 26 हजार आणि टाकीचे 4,600. महिन्याला तीन हजार वाचतात असं धरलं तर साडेतीन-पावणेचार वर्षांत पैसे वसूल होतील. मधे कधीतरी इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च त्यात नाही. आणि वाळवणाची मोक्याची जागा पॅनेलनी खाल्ल्यामुळे आईने 2025 मध्ये पहिल्यांदाच कुरडया विकत आणल्या, त्याचेही पैसे धरलेले नाहीत. तिने ते वेगळे लिहून ठेवले आहेत.