रस्त्यावरून फुकट दिसणाऱ्या बंगल्यांचे साडेएकवीस हजार

अमिताभ बच्चन यांचा जलसा असो की शाहरुख खानचा मन्नत, बंगला रस्त्यावरून दिसतो आणि रस्त्यावर उभं राहायला कुणालाही एक रुपया द्यावा लागत नाही. हे आधीच सांगते, कारण आपल्या खान्देशात सध्या गावोगाव ‘बॉलिवूड दर्शन’ टूरचे कागद वाटले जातायत, आणि त्याच रस्त्यावर उभं राहण्याचे अशाच एका टूरच्या एजंटानं आमच्याकडून २१,५०० रुपये घेतले. मी, आमचे हे, मुलगी आणि सासूबाई, चौघांचे.

माणशी ४,२५० प्रमाणे १७,००० आधी भरले. सासूबाईंच्या ‘व्हीआयपी भेटी’चे २,५०० वेगळे. गोरेगावला फिल्मसिटीच्या फाटकाबाहेर ‘शूटिंग पास’ म्हणून माणशी ५००, रोख, म्हणजे २,०००. पावती म्हणाल तर लेटरपॅडवर पेनानं लिहिलेला आकडा. जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही.

इतक्या भोळ्या कशा तुम्ही, असं आत्तापर्यंत बऱ्याच जणांनी विचारलंय. आम्ही चोपडा तालुक्यातले. आमच्याकडे रेल्वे नाही. सासूबाई सत्तरीपुढच्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. एसटीनं जळगाव, तिथून गाडी, मग मुंबईच्या लोकलमधली रेटारेटी, त्यांच्याच्यानं हे कसं व्हायचं? दारापासून दारापर्यंत बस मिळत असेल तर कुठलंही घर तेच करेल. केबीसी २००० साली सुरू झालं तेव्हापासून त्यांनी बच्चन साहेबांना एक रात्र चुकवलं नाही. आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईनं एकच गोष्ट मागितली होती आणि केळीचे पैसे नुकतेच हातात आले होते. एजंटाचं जळगावातलं ऑफिस काचेच्या दाराचं, एसी लावलेलं, भिंतीवर नटनट्यांसोबत त्याचे फोटो. असे फोटो तासाभरात तयार होतात, हे आज कळतंय.

आता तो कागद. तो अजून माझ्याकडे आहे आणि दर वेळी हातात घेतला की अंगाची आग होते. शनिवारी रात्री प्रस्थान. रविवारी मन्नत, मेणाचे पुतळे, फिल्मसिटी, जलसा. आणि खाली ठळक अक्षरात, ‘दुपारी ४ वा. परतीचा प्रवास’. बच्चन रविवारी संध्याकाळी फाटकावर येऊन लोकांना हात करतात, हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. म्हणजे ही फसवणूक त्यानं स्वतःच छापून आमच्या हातात दिली होती. सासूबाईंनी विचारलंही, “पण सांजले येतस ना त्या?” तो एका दमात म्हणाला, “मावशी, संध्याकाळची वेळ पब्लिकची. आपला पास व्हीआयपी, आपल्याला दुपारी आत घेतात.” इतकं ठाम बोलणाऱ्या माणसापुढे कोण वाद घालणार? मागे चार जण पैसे भरायला उभे होते. तेही त्याचेच होते की काय, अशी आता शंका येते.

दुसरी खूण मोबाइलवर होती. क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच बाईचं नाव आलं. ह्यांनी विचारलं, तर “घरचंच खातं आहे, भाऊ.” पैसे पाठवायच्या आधी जे नाव येतं ते वाचा, आणि पाटीवरच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. कितीही घाई करू दे समोरचा.

बॅण्डस्टँडला बस थांबली ती जेमतेम दहा मिनिटं. मन्नतच्या पाटीसमोर फोटोसाठी एवढी झुंबड की मुलीचा अर्धाच चेहरा आला. मेणाचे पुतळे म्हणजे एका गाळ्यात दाटीवाटीनं उभ्या केलेल्या बाहुल्या. एकीचा विग मागून सेफ्टी पिनेनं अडकवलेला होता. फिल्मसिटीत तर आम्ही गेलोच नाही. दादासाहेब फाळक्यांच्या नावाची ही चित्रनगरी सरकारी आहे, १९७७ पासूनची, आणि परवानगीशिवाय किंवा अधिकृत टूरशिवाय तिथे आत सोडत नाहीत. गळ्यात कार्ड अडकवलेला एक जण बसमध्ये चढला, सगळ्यांकडून पाचशे-पाचशे गोळा केले, “एंट्री करून आणतो” म्हणून उतरला तो उतरलाच. ड्रायव्हर म्हणे, तो माणूस आमचा नाही. मग दार उघडून त्याला आत घेतलं कुणी?

जलसाला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. फाटक बंद. बॅरिकेडला लागून माणसं आधीच जागा धरून होती, सोलापूरची, बिहारची, कुठकुठची. सासूबाईंनी गळ्यातला लॅमिनेट केलेला पास काढून फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला दाखवला. त्यानं तो उलटा केला, मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिला. “आजी, असा पास नसतोच.” शेजारचा पोरगा म्हणाला, थांबा, संध्याकाळी येतील. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चार वाजता बस हलली. नाशिक येईपर्यंत म्हातारी कुणाशी बोलली नाही.

आणि आता आपली व्यवस्था. एका ठाण्यात म्हणाले, प्रकार मुंबईत घडला, तिकडे जा. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, “बसनं नेलं, जेवू घातलं, परत आणलं. यात फसवणूक कुठे? दिवाणी मॅटर आहे.” भेटीचे पैसे घेऊन बंद फाटक दाखवणं ही फसवणूक नाही, तर मग भारतीय न्याय संहितेतलं ३१८ कलम कशासाठी आहे? हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात स्पष्ट आहे. मी ते मोबाइलवर उघडून समोर धरलं, तर साहेब म्हणे, “मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका.” सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला; त्यांनी विचारलं, लिंक उघडली का, ओटीपी दिला का? दिला नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. बँक म्हणते, तुम्ही स्वतः पाठवले. सगळीकडे एकच सूर, की लुटली गेलेली बाईच गुन्हेगार. वर एका हवालदारानं ऐकवलं, या वयात कशाला हवं होतं नटांना बघायला. अहो, तुम्हाला काय करायचंय? पैसे आमचे होते आणि हौसही आमची होती.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मात्र एका मुलीनं नीट ऐकून घेतलं. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. कागद, पास, पेमेंटचे स्क्रीनशॉट, बसच्या नंबरचा फोटो, काहीही डिलीट करू नका. एजंटानं फोनवर दिलेलं आश्वासन व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. टाळाटाळ केली की समजून जा.

त्याचं ऑफिस अजून उघडं आहे. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग चालू आहे, आणि नव्या कागदावरही परतीची वेळ दुपारी ४ च आहे. आमच्या बसमध्ये धरणगाव, एरंडोल, पारोळ्याहून चढलेली कुटुंबं होती. आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांची मिळून एकच तक्रार करता येते. माझे कागद तयार आहेत. जे त्या बसमध्ये होते त्यांनी आपापले पास आणि पेमेंटचे पुरावे घेऊन पुढे यावं. लाजायचं त्यानं, आपण नाही.