चित्रकलेची उद्दिष्टं: परीक्षेची शिडी की बेंदराचा बैल?

पहिली ते पाचवीच्या चित्रकलेसाठी वर्षाची उद्दिष्टं लिहायला बसलं की दोन वाटा दिसतात. एक शासकीय रेखाकला परीक्षेची. तिच्यातल्या एलिमेंटरी या पहिल्या परीक्षेचे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन डोळ्यांसमोर ठेवायचे आणि तिथनं एकेक पायरी खाली यायचं: पाचवीला तांब्या-वाटी, तिसरीला आकार, पहिलीला रेषा. दुसरी २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याची: ध्येयं, क्षमता, अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं). मी दोन्हींवर वर्ग चालवलेत.

पहिली वाट पालकांना चटकन पटते. तपासायलाही सोपी. आणि चित्रकार बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात हात बसवण्याला कमी लेखणारा मी कोण?

पण मला नडला खोडरबर. 'प्रमाणबद्ध आकार काढतो' असं उद्दिष्ट फळ्यावर आलं की पोरं चित्र काढायचीच थांबतात. तांब्याची डावी बाजू काढायची, उजवी जुळत नाही म्हणून खोडायची, परत काढायची, परत खोडायची. तास संपायला आला की कागदाला भोक आणि बाकावर काळ्या भुकटीचा ढीग. तिसरीतली एक पोरगी दबक्या आवाजात म्हणाली, "सर, वाकडं ऱ्हायलं तर चालंल का?" मी "चालंल" म्हणालो खरा, पण माझ्या तक्त्यात ते चालत नव्हतं.

दुसरी वाट निर्दोष आहे असं नाही. तिची भाषा फार मोघम. 'कल्पकतेने व्यक्त होतो' हे एकच वाक्य चाळीस नावांपुढं वर्णनात्मक नोंद म्हणून मीही उतरवलंय. म्हणून शब्द बदलले, डोळ्यांना दिसेल असं लिहिलं. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आठवड्यात कुंभाराकडनं माती आणली आणि चौथीसाठी उद्दिष्ट ठेवलं: बैल स्वतःच्या पायांवर उभा राहतो; कोसळला तर का कोसळला ते मूल सांगतं.

पहिल्या दिवशी निम्मे बैल बसले. पाय बारीक, माती ओली. दुसऱ्या दिवशी कुणी पाय आखूड केले, कुणी पोटाखाली खडूचा टेकू देऊन माती आवळू दिली. नोंदवहीत प्रत्येकापुढं वेगळं वाक्य आपोआप आलं.

तुमच्याकडं पूर्णवेळ कलाशिक्षक असतील तर पहिली वाटही कदाचित नीट जमेल. माझं म्हणाल तर शिडी सहावीपासून लावा. तोवर खोडरबर गणिताच्या तासाला.